मदत हवी आहे: बॅकगॅमन, 2-1 पडल्यावर सोंगटी उघडी टाकावी की जपून खेळावं?

पटावरची_माशी: फासे 2-1 पडले होते. पटावरच्या 8 नंबरच्या जागेवरची सोंगटी 5 वर उघडी (एकटी, मार बसेल अशी) टाकायची की 13 वरची 10 वर आणायची? अशा वेळी नेमकं काय बघून ठरवता? मी दरवेळी इथेच अडतो. जरा लवकर सांगा.

पिपमोजणी: बाकी सोंगट्या? समोरच्याचं घर (त्याच्या शेवटच्या सहा जागा)? स्कोअर? एवढ्यावर कोण काय सांगणार! आणि मॅच चालू असेल तर विचारू नका.

पटावरची_माशी: मॅच संपली हो. माझ्या 20 वर 2, 13 वर 4, 8 वर 3, 6 वर 4, 4 वर 2. त्याच्या दोन माझ्या 1 वर.

सबुरी: 10 वर आणा, विषय संपला. तिथे 36 पैकी 4 फाशांत मार बसतो, 5 वर 15 फाशांत. उघड्या सोंगटीपायी हातातल्या मॅच गेलेल्या पाहिल्यात.

पिपमोजणी: 15 नाही, 14. कुठलाही 4 आला की 11, 3-1 चे 2, 2-2 चा 1. 1-1 ला तुमचा 4 चा पॉइंट (दोन सोंगट्यांनी अडवलेली जागा) आडवा येतो. त्याच्या घराचं अजून सांगितलं नाहीत.

पटावरची_माशी: त्याच्या बाजूने 6 आणि 4 चे पॉइंट केलेत, 3 वर एकटी सोंगटी. 5 गुणांची मॅच, स्कोअर 4-4.

बारवरून_सरळ: हे आधी सांगायचं ना! 4-4 ला गॅमन (एकही सोंगटी बाहेर न काढता दुप्पट गुणांची हार) खाल्ला काय, साधी हरलात काय, सारखंच. 20 वर अँकर (त्याच्या घरात तुमच्या दोन सोंगट्यांचा ठिय्या) आहे, त्याचं घर अर्धवट. मार बसला तर 20 पिप (पावलं) जातील, पण बारवरून (मेलेली सोंगटी पटावर परत आणताना) 3 आला की त्याचीच एकटी सोंगटी मरते. 5 वर टाकून धोका आत्ताच घ्या. त्याने घर बांधल्यावर हाच धोका परवडणार नाही.

दुप्पट: समोरच्याने डबल दिला (डाव दुप्पट गुणांचा करू म्हणाला) तर घ्यायचा की नाही याचा साधा नियम: जिंकायची शक्यता 25 टक्के किंवा जास्त असेल तर घ्या.

बारवरून_सरळ: 4-4 ला डबलला काही अर्थच नाही. आणि विचारलंय कुणी?

पिपमोजणी: ढोबळ हिशेब. 10 वर आणली तर पुढच्या फाशात 5 चा पॉइंट 9 फाशांत होतो: 5-3, 5-1, 3-1, 1-1, 3-3, 4-4. 5 वर टाकून वाचली तर झाकायला 24 फासे: सगळे 1 आणि 3, शिवाय 6-2, 2-2, 4-4. मार चुकण्याची शक्यता धरून 22 टक्के विरुद्ध 41 टक्के.

सबुरी: आणि 39 टक्के वेळा मार बसेल, त्याचं काय? 10 वरची सोंगटी पुढच्या फाशालाही कामाला येते, ते तुमच्या हिशेबात कुठेय?

पटावरची_माशी: स्कोअर 0-0 असता तर?

बारवरून_सरळ: मग गॅमन मोजावा लागेल. तरी हे घर बघून मी 5 वरच टाकली असती.

पिपमोजणी: जीएनयू बॅकगॅमन या प्रोग्रॅममध्ये पट मांडा, 4-4 आणि 0-0 दोन्ही स्कोअरला रोलआउट (तोच पट पुढे अनेकदा खेळवून सरासरी काढणं) चालवा आणि आकडे इथे टाका.

सबुरी: टाका. तोवर मी 10 वरच आहे.