शुक्राणूंचा काउंट नवऱ्याचा कमी, मग बायकोला आययूआय आधी की नवऱ्याची तपासणी आधी?

परळकर:
लग्नाला ४ वर्षं झाली. माझा वीर्याचा रिपोर्ट आला, मिलीला ९० लाख शुक्राणू, हलणारे २२ टक्के. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के आहे. डॉक्टरांनी कागद बघितला आणि सरळ बायकोला गोळ्या लिहून दिल्या, म्हणाले ३ आययूआय करू, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायचे. मला कोणी तपासलंच नाही! दोष माझ्यात आणि गोळ्या, सोनोग्राफी, इंजेक्शन सगळं तिला. माझं म्हणणं, युरोलॉजिस्टने नवऱ्याला तपासल्याशिवाय आययूआय सुरूच करू नये.

लालबागची_सून:
नाही पटलं. बायकोचं वय लिहिलंच नाहीस तू. मी ३६ची होते आणि आधी ह्यांचं बघू, आधी ह्यांचं बघू करत पुड्या काय नि नवस काय, ८ महिने गेले. शेवटी आययूआयच केलं. सॅम्पल धुवून चांगले हलणारे शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात, दहा मिनिटांचं काम, भूल नाही, आयव्हीएफपेक्षा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीपेक्षा, खर्च कितीतरी कमी. सॅम्पल घरून न्यायचं होतं, तासाभरात पोचायला हवं आणि गार पडता कामा नये, म्हणून ह्यांनी बाटली शर्टाच्या आत पोटाशी धरली होती आणि आमची टॅक्सी भारतमाताच्या सिग्नलला अडकलेली. दोघं एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या वेळेला राहिलं. लेक आता दुसरीत आहे.

परळकर:
ताई, बायको २९ची आहे. ३६ला मीही थांबलो नसतो. पण मी हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी उभं करून तपासलं आणि दोन मिनिटांत डाव्या अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा सापडल्या, व्हेरिकोसील. यावर उपाय आहे. आपल्या केईएममध्ये १९८६ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, आणि अजून पुरुषाला नीट तपासायचं राहून जातं याचा मला राग येतो.

लॅबवाला_दादर:
मी याच कामात आहे. एका रिपोर्टवर काहीच ठरवू नका, ना आययूआय ना ऑपरेशन. सॅम्पलआधी २ ते ७ दिवस वीर्य न जाऊ देता परत टेस्ट करा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तरी काउंट पडलेला दिसतो. आणि धुतल्यावर हलणारे किती उरतात ते विचारा. १० लाखही उरत नसतील तर आययूआयवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, इक्सीचा विचार करा, त्यात लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात.

लालबागची_सून:
हे पटलं. पण परळकर, तो दोष शब्द काढ आधी. ४ वर्षं गुड न्यूज कधी म्हणून तुझ्या बायकोलाच विचारलं असणार सगळ्यांनी, मला माहितीये ते काय असतं. तपासणीला माझा विरोध नाहीच, पण दोघांचं एकदम चालू द्या, तिचं थांबवून ठेवू नका.

परळकर:
शब्द मागे घेतो. तिच्या गोळ्या मात्र या महिन्यात नाही, डॉक्टरांना तसं सांगितलंय. शनिवारी परत सॅम्पल देतोय. आईलाही काल रात्री सांगितलं की रिपोर्ट माझा आहे.