जबड्याच्या हाडातील चिवट संसर्गासाठी कोणते प्रतिजैविक निवडावे?

प्रश्न (नंदनवन, नागपूर)

माझ्या आईचे वय ६२ असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. दिवाळीच्या आधी तिची उजवीकडची खालची दाढ काढली. जखम वरवर भरून आली, पण महिन्याभरातच त्याच जागी हिरडीला बारीक छिद्र पडून पू येऊ लागला. तेव्हापासून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानिक आम्लाची ६२५ ची गोळी, मग ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, मग क्लिंडामायसिन असे एकामागून एक कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत पू आटतो आणि बंद केल्या की आठवडाभरात पुन्हा सुरू होतो. अलीकडे खालच्या ओठाची उजवी बाजू बधिर वाटते, असेही ती सांगते. ओपीजी एक्स-रेमध्ये (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) त्या भागातील हाड ठिकठिकाणी विरळ दिसत असून हाडालाच संसर्ग असावा, असे दंतवैद्यांचे मत आहे. नात्यातील एकजण लिनेझोलिड सुचवतात, तर दुसऱ्यांच्या मते थेट मेरोपेनेमची इंजेक्शनेच सुरू करायला हवीत. या आजारात सर्वांत परिणामकारक प्रतिजैविक कोणते, आणि गोळीपेक्षा इंजेक्शन खरोखरच अधिक गुणकारी असते का, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

उत्तर १ (मुख व जबडा शल्यचिकित्सक, रामदासपेठ)

गोळ्या चालू असेपर्यंत पू आटतो आणि बंद होताच परततो, या आपल्या एका वाक्यातच निम्मे निदान आहे. याचा अर्थ, दिलेली औषधे जंतूंवर लागू पडत असावीत, परंतु जंतूंच्या मूळ ठाण्यापर्यंत ती पोहोचत नसावीत. खालच्या जबड्याच्या हाडाचा बाहेरचा थर दाट असतो आणि त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः एकाच धमनीवर अवलंबून असतो. संसर्गामुळे हाडाच्या आत दाब वाढला की त्या वाहिन्या बंद पडतात, हाडाचा तेवढा भाग मरतो, आणि जिथे रक्त जात नाही तिथे रक्तातून जाणारे औषधही जात नाही, मग ते गोळीतून दिलेले असो वा शिरेतून. अशा मृत तुकड्यावर जंतू चिकट थर करून राहतात. तो तुकडा काढल्याशिवाय नुसते औषध बदलत राहिल्याने फारसे काही साधत नाही. शस्त्रक्रियेत आम्ही पांढरट, कोरडे हाड घासत जातो आणि पृष्ठभागावर रक्ताचे बारीक लाल ठिपके उमटू लागले की जिवंत हाड लागले असे समजून थांबतो. प्रतिजैविकाचे खरे काम तेथून पुढे सुरू होते आणि ते साधारण सहा आठवडे चालते.

आता निवडीविषयी. या संसर्गात बहुधा तोंडातलेच स्ट्रेप्टोकोकाय आणि प्राणवायूविना वाढणारे प्रिव्होटेला, फ्युझोबॅक्टेरियम यांसारखे जंतू मिसळलेले असतात. म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानिक आम्लाने केलेली सुरुवात योग्यच होती. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तेव्हा क्लिंडामायसिनचा विचार होतो, कारण ते तोंडावाटे उत्तम शोषले जाते आणि हाडात चांगले उतरते. नुसते मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल स्ट्रेप्टोकोकायवर चालत नाही. लिनेझोलिडचा उपयोग मुख्यतः मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकाय जंतूंसाठी असतो. ते दोन आठवड्यांहून अधिक काळ दिल्यास प्लेटलेट घटू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. मेरोपेनेम तर कल्चरमध्ये (नमुन्यातील जंतू वाढवून करायच्या तपासणीत) तशी गरज दिसल्याशिवाय वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजेक्शनच श्रेष्ठ, हा समज मात्र आता बाजूला ठेवायला हरकत नाही. हाडे व सांध्यांच्या संसर्गावरील ओव्हिव्हा ही ब्रिटनमधील चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १०५४ रुग्ण होते आणि पहिल्या सहा आठवड्यांत तोंडावाटे दिलेले उपचार शिरेतून दिलेल्या उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत. त्या चाचणीत मुख्यतः पायांची हाडे व सांधे होते, जबडे नव्हते, एवढे भान ठेवून तिचा आधार घेता येतो.

दोन गोष्टी कृपया कळवाव्यात. आईंना हाडांच्या ठिसूळपणासाठी एखादे औषध दिले गेले आहे का? आणि त्यांना खर्रा (सुपारी व तंबाखूचे मिश्रण) किंवा तंबाखूची सवय होती का? ओठाची बधिरता हाडातून जाणारी नस दाबली गेल्याने येऊ शकते, पण आपल्या विदर्भात असे लक्षण दिसल्यावर कर्करोग नाही ना, हे तपासल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

उत्तर २ (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त नमुन्याविषयी सविस्तर लिहितो, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. छिद्राच्या तोंडावर कापसाची काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यात लाळेतले जंतू वाढतात आणि त्या अहवालावरून औषध निवडणे निरर्थक ठरते. शस्त्रक्रियेच्या वेळी खोलवरच्या हाडाचे तुकडे घ्यावेत आणि ते दोन वेगळ्या बाटल्यांत विभागावेत: एक फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी, आणि दुसरी फॉर्मेलिनचा थेंबही नसलेली, कल्चरसाठी. सगळेच तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकले गेले तर जंतू तिथेच मरतात आणि कल्चरची संधी कायमची जाते. शस्त्रक्रियागृहातील धावपळीत हे घडते, म्हणून आदल्या दिवशीच आठवण करून द्यावी. अ‍ॅक्टिनोमायसिस हा जंतू सावकाश वाढतो, तेव्हा कल्चर दोन आठवडे ठेवण्याची विनंती फॉर्मवर लिहावी. तो आढळला तर पेनिसिलिन गटातील औषध अनेक महिने द्यावे लागते.

मधुमेही रुग्णात बुरशीची तपासणीही सांगावी. २०२१ मध्ये नागपुरात म्युकरमायकोसिसने जबडे गमावलेले कितीतरी रुग्ण आपण पाहिले. तो आजार बहुधा वरच्या जबड्यात होतो, तरीही तपासणी टाळू नये, कारण बुरशीवर प्रतिजैविके काहीच करत नाहीत. त्याच तुकड्यावर क्षयरोगासाठी सीबीनॅट (जंतूंची जनुके शोधणारी) चाचणी करून घ्यावी. लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात परिणाम करतात, त्यामुळे निदानाआधी ती दिल्यास थोडे बरे वाटते आणि खरा आजार झाकला जातो. रुग्णाला ताप किंवा पसरणारी सूज नसेल, तर नमुन्यापूर्वी काही दिवस प्रतिजैविक थांबवता येईल का, हे शल्यचिकित्सकांना विचारावे.

उत्तर ३ (औषधविक्रेता, सीताबर्डी)

थोडी भर घालतो. आई साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेत असतील, तर ऑफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांबरोबर साखर अचानक खाली येऊ शकते. मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ चालले तर पायांना मुंग्या येऊ लागतात, आणि मधुमेहात ते लक्षण मधुमेहाच्याच खाती जमा होते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असल्यास मेट्रोनिडाझोलमुळे रक्त अधिक पातळ होते. क्लिंडामायसिन घेताना वारंवार पातळ जुलाब झाले तर घरचे औषध न घेता डॉक्टरांना कळवावे. मेरोपेनेम अनुसूची एच-१ मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणारे औषध आहे, ते चिठ्ठीशिवाय मागूही नये.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खर्रा-तंबाखूची सवय तिला कधीच नव्हती. परंतु मणक्याच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक आम्ल दिले जाते, आणि पुढचा डोस येत्या महिन्यात आहे. दाढ काढताना आम्हाला ते कोणी विचारले नव्हते आणि सांगण्याजोगे आहे याची आम्हाला कल्पनाही नव्हती.

उत्तर १, पुढे

ही माहिती फार मोलाची आहे. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा धोका कमी असतो, तरीही या औषधानंतर दाढ काढल्यावर जबड्याचे हाड मृत होऊ शकते, आणि अशा हाडात अ‍ॅक्टिनोमायसिस वारंवार सापडतो. औषध हाडात वर्षानुवर्षे टिकते, म्हणून आता ते बंद केल्याने जबडा लगेच सुधारणार नाही. पण पुढचा डोस अस्थिरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांचे आपसांत बोलणे झाल्याशिवाय घेऊ नये. आजवरच्या डोसांच्या तारखा, जुने एक्स-रे, एचबीए१सीचा (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा) अहवाल आणि घेतलेल्या सर्व प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावून मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सा विभागात दाखवावे. तेथे सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आणि बायोप्सीचा निर्णय होईल. तोपर्यंत क्लोरहेक्सिडिनने चुळा भरणे आणि साखर आटोक्यात ठेवणे एवढे पुरे. मात्र जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज आली, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.