पार्किंगमधल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी: चोक ठेवायचा की काढायचा?

कर्वेनगर_सोसायटी: पार्किंग आणि जिन्यात मिळून चार फुटी, ३६ वॅटच्या २४ ट्यूब आहेत. सगळ्या तांब्याच्या चोकवर (ट्यूबचा करंट मर्यादित ठेवणारी, तार गुंडाळलेली पेटी). पट्टी (ट्यूब बसते ती फिटिंग) तीच ठेवून नुसत्या एलईडी ट्यूब बसवायचं ठरतंय. नमुन्याला बसवलेल्या दोनपैकी एक लुकलुकते, दुसरी बटण बंद केलं तरी मंद पेटलेली राहते. ट्यूब खराब आहेत का? आणि हा खर्च आत्ताच करावा का?

फेज_न्यूट्रल: ट्यूबला दोष देऊ नका. लुकलुकणारीच्या पट्टीत जुना स्टार्टर तसाच असणार. एलईडी ट्यूबसोबत डमी स्टार्टर येतो, आत फक्त फ्यूज असतो, तो लावावा लागतो. पण माझं मत विचाराल तर चोक आणि स्टार्टर दोन्ही काढा. चोक जुना झाला की गुणगुणतो, तापतो, आणि पुढे बिघाड शोधताना उगाच एक संशयित वाढतो.

चोक काढताना मेन बंद करून टेस्टरने खात्री करा. पट्टीत पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर तोही काढा. मग ट्यूबवरची आकृती बघा, इथेच बहुतेकांचं चुकतं. काही ट्यूबना फेज-न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांना लागतात, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. दुसऱ्या प्रकारात टोकाच्या दोन्ही पिना बहुधा आतून जोडलेल्या असतात. अशी ट्यूब एकाच टोकाला दोन्ही वायरी दिलेल्या पट्टीत घातली की थेट शॉर्ट, एमसीबी पडणार. म्हणून २४ च्या २४ ट्यूब एकाच प्रकारच्या घ्या आणि पट्टीवर मार्करने ‘फक्त एलईडी, चोक नाही’ असं लिहा. उद्या कोणी जुनी ट्यूब घातली तर तीही जाऊ शकते.

तारवाला_पुणे: बंद असताना पेटते त्याबद्दल. बटण बंद करून होल्डरमध्ये टेस्टर लावा. ठळक लागला तर बटण न्यूट्रलवर आहे, बोर्डात वायरी बदलून फेजवर घ्या. बटणाला इंडिकेटर (आतला छोटा दिवा) असेल तर तो काढून बघा. जिन्यातल्या टू-वेला (वर-खाली दोन बटणांवर चालणाऱ्या दिव्याला) लांब वायरी शेजारून जात असल्या की थोडा करंट प्रेरित होतो, तेवढ्यानेही एलईडी मिणमिणते. तिथे ट्यूबच्या फेज-न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट, एक्स-टू वर्गाचा (थेट फेज-न्यूट्रलमध्ये लावायलाच बनवलेला) कपॅसिटर लावा. साधा डिस्क कपॅसिटर नको. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) मागताना ‘एक्स-टू’ असंच म्हणा.

पावसाची झड येते त्या कडेला मात्र जुनी पट्टी वापरू नका, होल्डर गंजलेले असतात. तिथे आयपी ६५ ची (धूळ-पाणी आत न जाणारी) बंद एलईडी बॅटन.

युनिट_मोजा: खर्चाचं गणित: ३६ वॅट ट्यूब आणि चोकचे साधारण १०, म्हणजे ४६. एलईडी २० वॅट धरा. वाचले २६. २४ ट्यूब रोज ११ तास चालल्या तर महिन्याला सुमारे २०६ युनिट वाचतात. तुमच्या बिलातल्या कॉमन मीटरच्या दराने गुणा. शिवाय पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलंय, त्यामुळे जुन्याचा साठा करण्यात अर्थ नाही.

उतरवलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. नव्या ट्यूबच्याच खोक्यांत आडव्या ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना द्या, ओल्या-सुक्यात नको. फुटलीच तर १५ मिनिटं हवा खेळू द्या, केरसुणी न लावता जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला.

आणि चोक मोजून घ्या. तांब्याला भंगारात बरा भाव येतो, आणि तो सोसायटीचा असतो, वायरमनचा नव्हे.