सासूबाईंची मशेरी कशी सोडवायची?

डिचोलीकरीण: आमच्या सासूबाई तव्यावर तंबाखू काळीभोर भाजतात, पूड करतात आणि मागल्या दारी बसून निवांत मशेरी लावतात. शेजारणीही येतात. एखादी बाई सिगारेट ओढताना दिसली की याच सगळ्या नाकं मुरडतात! आता गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय. दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नाहीत. कसं समजावू?

पेडणेकर भाऊ: वहिनी, न दुखणारा चट्टाच आधी दाखवायचा. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात न्या. तंबाखू भाजली म्हणून निर्धोक होत नाही.

साखळीचे मास्तर: आमच्या वाड्यावर पुरुषांची फेणी आणि विडी जोडीनेच चालते. दोन्ही एकत्र आली की तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. आणि देवापुढे ठेवतो ती सुपारी? तंबाखू नसली तरी तीही चघळण्याने कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच तसं जाहीर केलंय. विड्याला कुणी व्यसन म्हणतच नाही, तिथेच घात होतो.

डिचोलीकरीण: त्यांची दाढ ठणकतेय. त्या निमित्ताने सोमवारी नेतेच. मशेरीचं तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं बरं, सुनेचं कोण ऐकतं!