मदत हवी आहे : एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन जोड्या स्पीकर

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या घरी बाबांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, चॅनेलला 40 वॅट. मागे लिहिलंय, 8 ते 16 ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध एवढ्यात हवा. बैठकीतली 8 ओहमची जोडी त्यावर वर्षानुवर्षं सुरेख वाजली.

आजीला आता बैठकीपर्यंत चालवत नाही, म्हणून माजघरात 8 ओहमचीच दुसरी जोडी त्याच टर्मिनलना पॅरलल लावून दिली. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव पंडित यांचं गाणं लावलं. तान वर गेली की आवाज फाटतो, अर्ध्या तासात वरच्या जाळीवर हात ठेववत नाही, मग आत ‘टक्’ होतं आणि सगळं गप्प. आजी तशीच कान देऊन बसलेली असते, फार वाईट वाटतं.

पॅरललमुळे भार 4 ओहमवर आला, हे उशिरा कळलं. सिरीजमध्ये 16 होईल, पण ताकद साधारण निम्मी. त्यात नवी जोडी 86 डेसिबल संवेदनशीलतेची, जुनी 90 ची, म्हणजे तेवढ्याच वॅटला नवीचा आवाज कमी. दुकानदार सरळ 200 वॅटचा घ्या म्हणतो, ते मला पटत नाही.

सिरीज करू, 4 ओहम झेपणारा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ, की माजघरासाठी वेगळा छोटा? वायर 15 मीटर जाते, दीड स्क्वेअर एमएम पुरेल का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. तोवर दुसरी जोडी काढून ठेवली आहे.