वेबस्फिअर पोर्टल: विभाग आणि तारीख पाहून पोर्टलेट दाखवणारा नियम कसा लिहावा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या अंतर्गत संकेतस्थळासाठी वेबस्फिअर पोर्टल वापरात आहे, म्हणजे २०१९ मध्ये आयबीएमकडून एचसीएलकडे गेलेले आणि आता एचसीएल डिजिटल एक्स्पीरियन्स या नावाने मिळणारे तेच उत्पादन. एका सामाईक पानावर वेतनपत्रक तपासणीचे पोर्टलेट (पानावर बसवलेला स्वतंत्र छोटा घटक) आहे. ते फक्त लेखा विभागाला, आणि तेही दर महिन्याच्या २५ तारखेपासून पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंतच दिसावे, अशी मागणी आहे. त्यासाठी पर्सनलायझेशनमध्ये, म्हणजे कोणाला काय दिसावे याचे नियम लिहिण्याच्या पोर्टलमधील सुविधेत, मी असा दृश्यता नियम लिहिला: विभाग ‘लेखा’ असेल, आणि दिवस २५ किंवा त्यापुढचा असेल, आणि दिवस ५ किंवा त्याआधीचा असेल तर दाखवा, अन्यथा लपवा. नियम पोर्टलेटला जोडल्यावर ते कोणालाच दिसेनासे झाले. तारखेच्या दोन्ही अटी काढल्या की बहुतेकांना दिसते, मात्र ज्या अधिकाऱ्यांकडे दुसऱ्या विभागाचा अतिरिक्त कार्यभार आहे त्यांना तरीही दिसत नाही. शिवाय, पोर्टलेट असे लपवले म्हणजे वेतनाची माहिती इतर विभागांपासून सुरक्षित झाली, असे लेखापरीक्षकांना सांगता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिन्ही बाबींत तोच सर्वांत गंभीर आहे. नाही, असे सांगता येणार नाही आणि सांगूही नये. दृश्यता नियम हा पडदा आहे, कुलूप नव्हे. कोणाला काय पाहण्याचा हक्क आहे हे पोर्टलचे प्रवेश नियंत्रण ठरवते, आणि ज्यांना तो हक्क आहे त्यांच्यापैकी या क्षणी कोणासमोर काय मांडावे एवढेच दृश्यता नियम ठरवतो. त्यामुळे नियम उद्या कोणी बदलला किंवा चुकून काढून टाकला, तर त्यामागे प्रवेशाची अडवणूक आधीपासून उभी असली पाहिजे.

पोर्टलमध्ये ‘अमुक गटाला मनाई’ अशी थेट तरतूद नसते; भूमिका वरच्या स्तरावरून वारशाने खाली येतात आणि आपण तो वारसा रोखू शकतो. बहुतेक संस्थांमध्ये लॉग-इन केलेल्या सर्वांना वरच्याच पानावर ‘यूझर’ ही भूमिका दिलेली असते आणि ती नकळत खालच्या सगळ्या पानांवर उतरते. म्हणून वेतनपत्रकासाठी स्वतंत्र पान करावे, त्या पानावर ‘यूझर’ भूमिकेचा वारसा बंद करावा आणि ती भूमिका फक्त लेखा विभागाच्या गटाला द्यावी. हीच काळजी पोर्टलेटच्या परवानगीबाबतही घ्यावी, अन्यथा तेच पोर्टलेट दुसऱ्या पानावर ठेवले गेल्यास सर्वांना उघडेल. वेतनाचे आकडे ज्या सेवेतून येतात, तिनेही विचारणाऱ्याचा अधिकार स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. एवढे केल्यावर दृश्यता नियमाकडे फक्त तारखेचे काम उरते, आणि ते त्याला उत्तम जमते.

अतिरिक्त कार्यभाराच्या अधिकाऱ्यांची अडचण निर्देशिकेतील, म्हणजे कर्मचाऱ्यांची नावे व विभाग जिथे साठवलेले असतात त्या यादीतील, नोंदीत असावी. त्यांच्या विभागाच्या रकान्यात एकाऐवजी दोन मूल्ये असतील, तर संपूर्ण मूल्य ‘लेखा’ आहे का अशी तुलना जुळणार नाही. मूल्यांमध्ये ‘लेखा’ समाविष्ट आहे का, अशी तुलना निवडावी लागेल. त्याच वेळी एकेका नोंदीतील अक्षरेही पाहून घ्यावीत. कोणाच्या नोंदीत ‘लेखा’, कोणाच्या ‘लेखा विभाग’, तर कोणाच्या शब्दापुढे एक रिकामी जागा, असे प्रकार फार आढळतात, आणि त्यावर उपाय नियमात अटी वाढवणे हा नसून निर्देशिका स्वच्छ करणे हाच आहे. ‘विभाग अमुक नसेल तर दाखवा’ असा नकारार्थी नियम मात्र कधीही लिहू नये, कारण ज्याचा रकाना रिकामा आहे तोही त्या अटीत बसू शकतो.

प्रतिसाद २

तारखेबद्दल लिहिते. आपला नियम पोर्टलने अगदी अचूक पाळला आहे: २५ किंवा त्यापुढचा आणि त्याच वेळी ५ किंवा त्याआधीचा असा दिवस कोणत्याही महिन्यात येत नाही. कालावधी महिन्याची सीमा ओलांडतो तेव्हा दोन अटींमध्ये ‘किंवा’ हवे. ते लिहिताना रचना अशी ठेवावी की ‘दिवस २५ किंवा पुढे’ आणि ‘दिवस ५ किंवा आधी’ यांचा एक गट होईल आणि विभागाची अट त्या संपूर्ण गटाला ‘आणि’ने जोडली जाईल. गट न करता तिन्ही अटी एकाखाली एक लिहिल्या, तर महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत ते पोर्टलेट विभाग न पाहता सर्वांसमोर येऊ शकते.

सर्व्हरचे घड्याळही तपासावे. ते यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असेल, तर २५ तारीख भारतात मध्यरात्री न लागता पहाटे ५:३० ला लागेल आणि पोर्टलेट ६ तारखेच्या पहाटे ५:३० पर्यंत दिसत राहील. वेतनाच्या कामात एवढा फरक चालतो का, हे लेखा विभागालाच विचारावे. चाचणीसाठी नियमांच्या संपादकातील पूर्वदृश्यात एकेक वापरकर्ता निवडून निकाल पाहता येतो. त्यात अतिरिक्त कार्यभाराचे अधिकारी आणि विभागाची नोंदच नसलेला एखादा कर्मचारी अवश्य घ्यावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘किंवा’चा गट केल्यावर चाचणीच्या सर्व्हरवर पोर्टलेट अपेक्षेप्रमाणे दिसू लागले आहे, आणि स्वतंत्र पानाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवला आहे. एकच शंका उरते: आम्ही पाने एक्सएमएलॲक्सेस या पोर्टलची मांडणी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या साधनाने मुख्य सर्व्हरवर नेतो. त्याबरोबर नियमही जातील का?

प्रतिसाद १

जाणार नाहीत. नियम पोर्टलच्या आशय-भांडारात साठवलेले असतात आणि ते पर्सनलायझेशनच्या स्वतःच्या प्रकाशन सुविधेतून वेगळे पाठवावे लागतात. आधी नियम पाठवावेत, मग पाने, म्हणजे नवे पान पोहोचेल तेव्हा त्याला लागणारा नियम तिथे हजर असेल. निर्देशिकेत बदल केला असेल, तर संबंधितांनी बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावे आणि तरीही जुनेच दिसत असेल, तर वापरकर्त्यांच्या माहितीच्या कॅशेची (तात्पुरत्या साठ्याची) मुदत संपेपर्यंत थांबून मगच नियमात हात घालावा.