अनुभव धागा: माईक समोर आला की तोंड कोरडं पडतं?

दिवाळी जवळ आली. पिंपळपारापासून कॉलनीतल्या मंडपापर्यंत नाशकात पाडवा पहाटेच्या तालमी सुरू आहेत आणि गाणाऱ्यांची तक्रार एकच: घरी रियाजात काही होत नाही, मंचावर मात्र जीभ टाळूला चिकटते. तुम्ही काय करता ते लिहा. ‘पाणी प्या’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते सगळ्यांचं करून झालंय.

पंचवटीकर
आम्ही भजनी मंडळवाले. टाळ-पखवाजावर चढा सूर लावायचा, त्यात तोंडानं श्वास घ्यायचा, मग कोरड पडणारच. बुवांनी लावलेली सवय सांगतो. मागच्यांनी चरण उचललं की तोंड मिटायचं आणि नाकानं श्वास घ्यायचा. तेवढ्यात लाळ सुटते. खडीसाखर, लवंग गाण्याआधी. गाताना गालात लवंग ठेवणारे पाहिलेत, ठसकाही पाहिलाय.

भावगीतवाली
बायकांची खरी अडचण कुणी बोलत नाही. पहाटेचा कार्यक्रम, अंगावर नऊवारी, बाथरूमची सोय नाही. म्हणून आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतो आणि वर मेकअप करताना दोन कप चहा! मी आता आयोजकांना आधी सोय विचारते, मगच होकार देते. निवेदक बोलत असतो तेव्हा जिभेचं टोक दातांत हलकेच दाबते आणि कैरी आठवते. हसू नका, खरंच पाणी सुटतं.

दातांची डॉक्टर
ताईंची कैरी बरोबर आहे. भीती वाटली की पातळ लाळ कमी होते, उरते ती घट्ट आणि चिकट. मंचावर प्यालेला घोट जीभ-घसा ओला करतो, पण स्वरतंतूंवरून जात नाही. तो अन्ननलिकेत जातो. स्वरतंतूंचा ओलावा शरीरातल्या पाण्यावर, म्हणून दिवसभर थोडं थोडं प्या. सर्दीसाठी सेटिरिझिन घेतली असेल तर तिनंही कोरड पडते. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांचंही तसंच, पण ती मनानं बंद करायची नाहीत. ज्येष्ठमध सगळेच सुचवतात. रक्तदाब असलेल्यांनी तो रोज चघळू नये, दाब वाढतो. आणि गाणं नसतानाही तोंड सुकत असेल, रात्री पाण्यासाठी उठावं लागत असेल, तर एकदा साखर तपासा.

पेटीवाला
साथीला बसलं की आधी मलाच कळतं. शब्द सुटताना माईकमध्ये चट्-चट् ऐकू येतं. मग मी मधला तुकडा एकदा जास्त वाजवतो, तबलजीला डोळ्यानं खुणावतो, गाणाऱ्यानं घोट घ्यावा. पण बाटलीचं झाकणच निघत नाही! सैल करून उजव्या हाताशी ठेवा. पाणी कोमट असू द्या, फ्रिजमधलं नको. आणि पहिलंच गाणं तार सप्तकातलं, एकदम वरच्या सुरांचं, का निवडता?

विशारदची विद्यार्थिनी
काका, परीक्षेत मधला तुकडा कोण वाजवणार? द्रुत म्हणजे जलद तानांत तोंड मिटायलाही जागा नसते.

पेटीवाला
बेटा, तान सम (तालाची पहिली मात्रा) गाठून संपव आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) येईपर्यंत थांब. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत. उलट सलग ताना मारत सुटलीस तर कापतील.

भावगीतवाली
डॉक्टर, माऊथवॉशनं फरक पडतो का? आमच्यातली एक जण मंचावर जायच्या आधी गुळण्या करते.

दातांची डॉक्टर
अल्कोहोलवाला असेल तर आणखी सुकतं. साध्या पाण्यानं चूळ भरा म्हणावं.